फाशी घटनेत बसते का, अन् खालच्या कोर्टानं सुनावली की झालीच का?

बसते. कलम २१ प्रमाणे कायद्यानं ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचा जीव घेता येत नाही. म्हणजे रीत पाळून घेता येतो. १९८० मध्ये बचन सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं फाशी टिकवली, पण 'दुर्मिळातील दुर्मिळ' गुन्ह्यापुरतीच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या भंडारा जिल्ह्यातच आहे. खैरलांजीत २००६ साली एकाच दलित कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. भंडाऱ्याच्या सेशन कोर्टानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. पण हायकोर्टानं कायम केल्याशिवाय फाशी देता येत नाही, आणि नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. पारावर कुणी म्हणतं 'सुटले ना भाऊ!' सुटले नाहीत, फाशी तेवढी टळली. मला स्वतःला तो निकाल पटला नाही, ही गोष्ट वेगळी.