पस्तिशीत, दोन लेकरं असताना इलेक्ट्रिशियनचं काम शिकता येईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दहावी झालीय, नऊ वर्षं घरीच आहात, दोन्ही लेकरं आता शाळेत जायलीत आणि शिलाईकाम सोडून इलेक्ट्रिकचं काही शिकायचंय, पण वय आडवं येईल असं वाटतंय. वय नाही येत आडवं. मी 34 व्या वर्षी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला ॲडमिशन घेतलं, आता लातूर जिल्ह्यात आमच्या गावाच्या फाट्यावर माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तार भरायचं दुकान आहे.

आयटीआयला वय कमीत कमी 14 लागतं, वरची मर्यादा नाही. दहावीला सायन्स-गणित असलं की झालं, बायकांसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. कोर्स दोन वर्षांचा. वर्गातली पोरं सतरा-अठराची होती, पहिले आठ दिवस मला मॅडम समजून उभी राहायची, नंतर ताई म्हणायला लागली. खरी अडचण हजेरीची आहे, 80 टक्के लागते, आणि लेकराला ताप आला की तुमचाच दिवस जातो. त्यामुळं सासूबाई असो की जाऊबाई, लेकरं कोण बघणार हे ॲडमिशनच्या आधी घरात बसून स्पष्ट बोलून घ्या, मी ते केलं नव्हतं आणि पहिल्या वर्षी खूप रडले.

आता कामाचं. वायरिंगला लोकांच्या घरी जावं लागतं, कधी रात्री पण फोन येतो. रिवाइंडिंगमध्ये मोटार तुमच्याकडं येते, लेकरं शाळेतून आली की तिथंच अभ्यासाला बसतात, म्हणून मी हे निवडलं. आणि आपल्या मराठवाड्यात शेतीच बोअर-विहिरीवर, रब्बी लागली की जळालेल्या मोटारी दारात येतात. व्होल्टेज कमी आलं की मोटार जास्त करंट ओढते आणि तापते, तीन फेजपैकी एक गेला तरी चालू राहिली की जळते. स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजच्या कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेल्या) मोटारीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्याची तशीच चांगली दिसली तर समजायचं की हेच झालंय, मग शेतकऱ्याला प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र, बसवायला सांगायचं, नाहीतर पुढच्या महिन्यात तीच मोटार परत.

पण आयटीआयमधून निघालं की लगेच दुकान टाकू नका. तिथं वाइंडिंग शिकवतात, पण हात बसायला मोटारी लागतात. मी एका जुन्या मिस्त्रींकडं आठ महिने बसले, पैसे फार कमी होते तरी बसले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जुनं वाइंडिंग तोडायच्या आधी वहीत लिही, स्लॉट (तार बसायच्या खाचा) किती, एका कॉइलला वेढे किती, पिच (कॉइलच्या दोन बाजूंत किती स्लॉटचं अंतर) काय, तारेचा गेज (जाडी) काय, कनेक्शन कसं. ती वही अजून रोज उघडते. पाण्यातल्या सबमर्सिबलला तर प्लास्टिक चढवलेली तार एकेक वेढा स्लॉटमधून ओढून भरावी लागते, एकट्यानं जमत नाही, माझी पुतणी हाताशी असते.

स्वतःच्या दुकानातल्या तिसऱ्याच मोटारीला मी कॉइलच्या एका ग्रुपचं कनेक्शन उलटं केलं, मोटार नुसती गुणगुणायली, फिरंना, करंट भरपूर. वार्निश झालेलं सगळं तोडलं, तार माझ्या पैशानं परत घातली आणि त्या काकांना खरं कारण सांगितलं. ते काका आजही माझ्याकडंच येतात. तेव्हापासून वार्निशच्या आधी टेस्टिंग केल्याशिवाय पुढं जात नाही.

सुरुवातीला माणसं दुकानात येऊन "मिस्त्री कुठाय" विचारायचे, मी म्हणायचे मीच आहे, मोटार उतरवा. एकदोन जण परत गेले, जाऊ दिलं.

भांडवलाला पीएमईजीपी (नव्या धंद्याच्या कर्जाला सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना) बघा, खेड्यात बाईच्या नावावर 35 टक्के सबसिडी आहे, स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात. बँकेत चार चकरा होतातच, कोटेशन आणि जागेचा कागद घेऊनच जा.

आणि दहावीचा निकाल लागला की ॲडमिशनचे फॉर्म ऑनलाइन सुटतात, त्याच्या आधी टीसी आणि मार्कशीट माहेरून मागवून घ्या. त्यावर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं, माझे यातच पंधरा दिवस गेले. लग्नाच्या नोंदणीचा दाखला नसेल तर आत्ताच ग्रामपंचायतीत चौकशी करा.