वाचकांचे प्रश्न : चढणीवर पाण्याची बाटली कुठे असावी?

प्रश्न : माझे वय 58 असून निवृत्तीनंतर मी नाशिकच्या आसपासच्या गडांवर नियमित जाऊ लागलो आहे. पाण्यासाठी एक लिटरची, पाणी गार ठेवणारी दुपदरी स्टीलची बाटली सॅकच्या बाजूच्या कप्प्यात ठेवतो. उजवा खांदा आखडल्यामुळे हात मागे नेऊन ती काढता येत नाही. दर वेळी सॅक उतरवावी लागते, नाहीतर बरोबरच्या कोणाला तरी विनंती करावी लागते. संकोचापोटी मी पुष्कळदा पाणी पिण्याचे टाळतो आणि गड उतरताना डोके दुखू लागते. बाटली हाताशी राहील आणि ओझेही वाढणार नाही, असा काही उपाय आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे. ही अडचण केवळ आपल्या खांद्याची नाही. पुष्कळशा सॅकचे बाजूचे कप्पे सरळ उभे आणि खोल असतात. त्यांत बाटली पक्की बसते, परंतु सॅक पाठीवर असताना ती काढणे आणि विशेषतः परत जागेवर बसवणे धडधाकट तरुणांनाही जमत नाही. मग ‘पुढच्या विसाव्याला पिऊ’ असे म्हणत माणूस चालत राहतो, विसावा लांबतो आणि तिथे पोहोचल्यावर एकदम पाऊण लिटर पाणी पोटात ओततो. चढताना याने पोट जड होते आणि मधल्या काळातील तूट लगेच भरूनही निघत नाही. चालताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घेणे हीच योग्य पद्धत आहे, आणि ती पाळली जावी यासाठी बाटली डोळ्यांसमोर व हाताच्या टप्प्यात असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

साधारण चढणीवर ताशी अर्धा लिटर पाणी पुरते. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या कातळावर ही गरज पाऊण लिटरपर्यंत सहज जाते. शरीराच्या वजनाच्या 2 टक्के एवढे पाणी घटले तरी दमछाक वाढते. 60 किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ही घट केवळ 1.2 लिटरची असते, म्हणजे घाम भरपूर येत असेल तर दोन तासांच्या चढाईत होण्यासारखी. शिवाय वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे तहान लागण्याची वाट पाहणे आपल्या वयात विशेष धोक्याचे आहे. डोकेदुखीमागे कमी पाणी हे कारण असू शकते. मात्र पुरेसे पाणी पिऊनही ती टिकली, तर रक्तदाब तपासून घ्यावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास पाणी व मीठ यांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

आता बाटलीविषयी. आपली दुपदरी स्टीलची बाटली रिकामी असतानाच 400 ग्रॅम किंवा त्याहून जड असेल. त्याऐवजी शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या दोन रिकाम्या प्लास्टिक बाटल्या घेतल्या, तर दोन्हींचे मिळून वजन 50 ग्रॅमच्या आसपास भरते. वाचलेल्या वजनात जवळजवळ पाऊण बाटली पाणी जास्त नेता येते, आणि गडावर बाटलीपेक्षा पाणी मोलाचे असते. शीतपेयाची बाटली सुचवण्याचे कारण असे, की वायूचा दाब सोसण्यासाठी तिची भिंत साध्या पाण्याच्या बाटलीपेक्षा जाड केलेली असते. ती दाबल्याने लगेच चुरगळत नाही. पाणी गार राहणार नाही, हे खरे. सॅकमधल्या बाटल्यांना ओले फडके गुंडाळले, तर दुपारपर्यंत ते निदान तापत नाही.

या दोन बाटल्या सॅकच्या दोन्ही खांदापट्ट्यांवर, छातीच्या वरच्या भागाशी बांधाव्यात. तयार जाळीदार पिशव्या गिर्यारोहणाच्या साहित्याच्या दुकानांत मिळतात. पण बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बाटली दाखवून मापाची पिशवी शिवून घेणे मला अधिक पसंत आहे. ती पट्ट्यावर घट्ट शिवली जाते आणि चालताना हलत नाही. तेही नको असेल, तर इलास्टिक दोरीचे दोन फास पुरतात : खालचा बाटलीला बुडाजवळ आवळणारा आणि वरचा बाटलीच्या मानेभोवती, गाठीऐवजी सरकत्या अडकणीचा, म्हणजे एका हाताने सोडवता येईल. बाटलीचे बूड छातीच्या मध्यावर यावे. ती याहून खाली लोंबली, तर उतारावर पुढचे पाऊल दिसत नाही. सॅकचा छातीपट्टा लावलेला असावा, नाहीतर बाटल्यांच्या वजनाने खांदापट्टे बाहेर सरकतात. आपण एकच बाटली लावणार असाल, तर ती दुखऱ्या खांद्यावर न लावता डाव्या पट्ट्यावर लावावी.

उरलेले दीड-दोन लिटर पाणी सॅकमध्ये, पाठीला लागून मध्यभागी ठेवावे आणि विसाव्याच्या जागी त्यातून पुढच्या बाटल्या भराव्यात. यात आणखी एक सोय आहे. तासाभरात समोरची एक बाटली संपली नसेल, तर आपण कमी प्यायलो, हे लगेच कळते. नळीने ओढून पिण्याच्या पाणपिशवीत हे कळत नाही; शिवाय तिची नळी आतून स्वच्छ करणे कटकटीचे आणि पावसाळ्यात ती बुरशी धरते, म्हणून मी ती आपल्याला सुचवत नाही.

प्रश्न : आमच्या गटातील बरेच जण सॅकच्या बाहेर हुकाने बाटली लटकवतात. काहींनी आता छातीवर बाटली लावण्यास सुरुवात केली आहे. आम्ही हरिहर गडावर जाणार आहोत. तिथे यांपैकी काय योग्य?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर यांपैकी काहीही योग्य नाही. त्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, दोन्ही हात खोबण्यांत घालूनच चढावे लागते आणि छाती कातळाला लागते. छातीवरची बाटली अशा वेळी मध्ये येते आणि शरीर मागे ढकलते. लटकणारी बाटली झोके घेते, तोल बिघडवते आणि एखाद्या कंगोऱ्यात अडकते. बाजूच्या कप्प्यातली बाटली वाकताना निसटू शकते, आणि वरून सुटलेली भरलेली बाटली खालच्या माणसाच्या डोक्यावर दगडासारखीच आदळते. म्हणून पायऱ्यांच्या पायथ्याशी सर्वांना थांबवावे, प्रत्येकाने पोटभर नव्हे पण पुरेसे पाणी प्यावे, आणि एकूण एक बाटल्या सॅकच्या आत घालून चेन लावल्याची आपण स्वतः खात्री करावी. माथ्यावर पोहोचल्यावर त्या पुन्हा बाहेर काढता येतात. उतरतानाही हेच करावे लागेल, कारण उतरणे तोंड कातळाकडे करूनच होते. गर्दीच्या दिवशी या टप्प्यावर रांगेत बराच वेळ जातो, तेव्हा हे थांबणे वेळेचा अपव्यय ठरत नाही.

हुकाने बाटली लटकवण्याची सवय मात्र सर्वच वाटांवर सोडायला सांगावी. करवंदीच्या जाळ्यांतून आणि कारवीच्या रानातून जाताना ती अडकते, आणि घसाऱ्यावर तिचा एक झोकाही पाय सटकायला पुरतो.

प्रश्न : शीतपेयाची बाटली पुन्हा पुन्हा वापरणे आरोग्याला घातक आहे, असे ऐकले. ते खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अशा बाटलीच्या बुडावर त्रिकोणात 1 हा आकडा असतो. या प्लास्टिकमध्ये बिस्फेनॉल-ए हे आरोग्याला घातक मानले जाणारे रसायन वापरले जात नाही, त्यामुळे त्याविषयीची भीती येथे लागू नाही. धोका आहे तो उष्णतेचा आणि अस्वच्छतेचा. तिच्यात गरम पाणी भरू नये. साधारण 70 अंशांच्या पुढे ती मऊ पडून आकसते, आणि तापल्यावर तिच्यातील घटक पाण्यात उतरण्याचे प्रमाण वाढते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही ती भरून ठेवू नये. अरुंद तोंडामुळे आत ब्रश जात नाही, म्हणून घरी आल्यावर त्याच दिवशी साबणाचे कोमट पाणी व मूठभर तांदूळ घालून खळखळून धुवावी आणि झाकण काढून उलटी वाळवावी. लिंबू-सरबत भरलेले असेल, तर हे विशेष काटेकोरपणे करावे. आत ओरखडे उमटले, घड्या पडल्या किंवा वास धरला, की बाटली बदलावी. जुनी बाटली गडावर टाकून येणे हा गुन्हा मी अक्षम्य मानतो. रिकामी बाटली चेपून झाकण लावले, तर ती सॅकच्या कोपऱ्यात मावते.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला किती पाणी उचलायला द्यावे?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : 250 मिलिलिटरची एक बाटली पुरे, पण ती तिची स्वतःची असावी आणि तिला कोणाची मदत न घेता उघडता यावी. बाकी पाणी आपल्याजवळ ठेवून ती बाटली विसाव्याला भरत राहावे. दुसरी बाटली आपल्या सॅकमध्ये मीठ-साखरेच्या पाण्याची असू द्यावी : एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचे हे प्रमाण वाढवू नये.