राफा बेनिटेझ लिव्हरपूलसाठी खरंच मोठा मॅनेजर होता की नुसता नशीबवान?

तुम्ही विचारलंय की लिव्हरपूलचे काही चाहते राफाला डोक्यावर घेतात आणि काही म्हणतात, 'सहा वर्षांत एकदाही इंग्लंडची लीग जिंकली नाही, इस्तंबूल (म्हणजे तिथली 2005 ची चॅम्पियन्स लीग फायनल) नशिबाने मिळालं', तर यातलं खरं काय. मी राफाच्या बाजूचा आहे. नशिबाचा मुद्दा मला पटत नाही. लीगचा मुद्दा मात्र पटतो, आणि आमच्यातले बरेच जण तो उगाच झटकून टाकतात.

आधी इस्तंबूल. 25 मे 2005, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, हाफटाइमला मिलान 3-0 ने पुढे. सगळे आमचा कर्णधार जेरार्डच्या हेडरबद्दल आणि मिलानच्या शेवचेन्कोचा फटका आमचा गोलकीपर डुडेकने दोनदा अडवला त्याबद्दल बोलतात. पण ड्रेसिंग रूममध्ये काय झालं ते बघा. राफाने डिफेंडर त्राओरेला बाहेर काढायचं ठरवलं होतं, तो आंघोळीला निघालासुद्धा होता. तेवढ्यात फिजिओने सांगितलं की दुसरा डिफेंडर फिनन याला पुढे खेळता येणार नाही. मग त्राओरेला परत बोलावलं, हामानला मिडफिल्डमध्ये आणलं आणि मागे तिघेच ठेवले. तोवर मिलानचा खेळाडू काका मधल्या मोकळ्या जागेत मनसोक्त धावत होता, ती जागा हामानने बंद केली. पुढे मिलानचा सेर्जिन्हो डावीकडून त्रास द्यायला लागला तेव्हा जेरार्डला, म्हणजे संघातल्या सगळ्यात धोकादायक खेळाडूला, उजव्या बाजूला डिफेन्समध्ये उभं केलं. पेनल्टी शूटआउटमध्ये नशीब लागतं, मान्य. पण तिथपर्यंत सामना नेला तो या निर्णयांनी.

तरी कुणाला शंका असेल तर त्याने फेब्रुवारी 2007 चा, बार्सिलोनाच्या कॅम्प नो मैदानावरचा सामना काढून बघावा. बार्सिलोना तेव्हा युरोपचा विजेता होता. मेस्सी उजव्या विंगवरून आत वळून डाव्या पायाने खेळायचा. राफाने त्याच्यासमोर लेफ्ट-बॅकला आर्बेलोआला ठेवलं, जो मुळात उजव्या पायाचा राइट-बॅक आणि जानेवारीतच क्लबमध्ये आलेला. मेस्सी आत वळला की थेट आर्बेलोआच्या चांगल्या पायावर. लिव्हरपूल 2-1 ने जिंकला. युव्हेंटस, चेल्सी, इंटर, रेआल माद्रिद, एकेकाला त्याने असंच अभ्यास करून हरवलं. रेआलला तर मार्च 2009 मध्ये आमच्या घरच्या अ‍ॅनफिल्डवर 4-0. तीन वर्षांत दोन चॅम्पियन्स लीग फायनल (2007 ची अथेन्समध्ये मिलानकडूनच हरलो), हे नशिबाने होत नाही.

आता लीग. राफाचा सगळा जोर समोरच्या संघाची ताकद मोडण्यावर असायचा. बार्सिलोनासमोर ते सोनं ठरतं, पण दहा जण मागे घेऊन बसलेल्या संघाकडे मोडण्यासारखं काही नसतंच. 2008-09 मध्ये आम्ही फक्त दोन सामने हरलो, सगळ्या संघांत जास्त म्हणजे 77 गोल केले, ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला 4-1 ने धुतलं, आणि तरी 86 गुणांवर दुसरे. युनायटेड 90. कारण 11 बरोबऱ्या, त्यातल्या सात घरच्या मैदानावर. स्टोक, फुलहॅम, वेस्ट हॅम, तिघांशीही अ‍ॅनफिल्डवर 0-0. ते सामने आठवले की अजून जीव जळतो. पण आमचा मुख्य स्ट्रायकर तोरेस त्या मोसमात वारंवार जखमी होता आणि त्याच्या मागे तोडीचा दुसरा स्ट्रायकर नव्हता. स्ट्रायकर रॉबी कीनला टॉटनहॅमकडून मोठी रक्कम मोजून आणलं आणि सहा महिन्यांत टॉटनहॅमलाच परत विकलं. जेतेपदाची शर्यत रंगात असताना! त्या जानेवारीत राफाने पत्रकार परिषदेत कागद काढून युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन यांच्यावर आरोप वाचून दाखवले, त्यावर लोक फार बोलतात. मला ती गोष्ट किरकोळ वाटते. कीनची जागा रिकामी ठेवणं किरकोळ नव्हतं.

रोटेशनवरची टीका मला फारशी पटत नाही. सलग 99 सामन्यांत त्याने संघ बदलला होता हे खरं, पण त्याच काळात एफए कप जिंकला आणि 2005-06 मध्ये लीगमध्ये 82 गुणही मिळवले. झोनल मार्किंगवरही (कॉर्नरला खेळाडूऐवजी ठरलेली जागा सांभाळण्यावरही) तेच. कॉर्नरवर एक गोल खाल्ला की समालोचकांना तेवढंच दिसायचं.

त्याची सगळ्यात मोठी चूक माझ्या मते मिडफिल्डर शाबी अलोन्सोच्या बाबतीत झाली. 2008 च्या उन्हाळ्यात राफा दुसरा मिडफिल्डर गॅरेथ बॅरी याच्या मागे लागला आणि त्यासाठी अलोन्सोला विकायला तयार झाला. बॅरी आला नाही, अलोन्सो राहिला आणि आयुष्यातला उत्तम मोसम खेळला. पण मन उडालं ते उडालंच. पुढच्या वर्षी तो रेआलला गेला, त्याच्या जागी आक्विलानी आला तो घोट्याची दुखापत घेऊन. 86 गुणांवरून थेट 63, सातवा क्रमांक, जून 2010 मध्ये राफा बाहेर.

यात मालकांना मोकळं सोडता येत नाही. अमेरिकन मालक हिक्स आणि जिलेट यांनी 2007 मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि कर्जाचं ओझं क्लबवरच टाकलं. त्याच वर्षी राफा पदावर असतानाच ते त्याच्या जागेसाठी जर्मन प्रशिक्षक क्लिन्समनशी बोलून आले होते, हे हिक्सने पुढे स्वतः कबूल केलं. त्याच वर्षी चाहते राफासाठी रस्त्यावरही उतरले होते. राफा गेल्यावर नवा मॅनेजर हॉजसनच्या हाताखाली ऑक्टोबर 2010 मध्ये संघ तळाहून दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे एकोणिसावा होता. ज्यांना राफा हीच अडचण वाटत होती त्यांनी ते गुणपत्रक जरूर बघावं.

आणि एक गोष्ट गुणांच्या हिशेबात येत नाही, पण शहरात तिला फार मोल आहे. क्लब सोडल्यावर राफाने हिल्सबरो दुर्घटनेतल्या (1989 ची स्टेडियममधली चेंगराचेंगरी, ज्यात लिव्हरपूलचे चाहते गेले) कुटुंबांच्या संघटनेला 96,000 पौंड दिले, तेव्हाच्या मृतांच्या आकड्यावरून 96. म्हणूनच 2021 मध्ये तो शेजारच्या एव्हर्टनचा मॅनेजर झाला तेव्हाही माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्याला शिव्या द्याव्यात असं वाटलं नाही.