कुंडीतला पुदिना पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून चालतो का? तो लावायचा कसा?

लावायला काही लागत नाही. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात उभ्या करा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटली की पसरट कुंडीत खोचा. दुपारचं ऊन नको, माती सुकू देऊ नका. जमिनीत लावाल तर मोगऱ्याच्या आळ्यातही शिरेल.

औषधाचं मात्र सविस्तर सांगते, कारण ‘पुदिना थंड असतो’ या वाक्यापायी मी आठ दिवस होरपळले आहे.

आमच्या थोरल्या दिरांचा, भाऊंचा, पुदिन्यावर भारी जीव. सांगलीच्या घरी न्हाणीच्या पाण्यावर अळूशेजारी लावलेला त्यांचा पुदिना अर्धं परस व्यापून बसलाय. एका गणपतीत माझ्या छातीत जळजळ होत होती. भाऊ म्हणाले, “पित्त आहे. पुदिना थंड, रस घे.” रोज अनशापोटी पाव वाटी दाट रस, वर जिरेपूड. तिसऱ्या दिवशी जळजळ घशाशी आली. बंद करते म्हटलं, तर म्हणे, “पित्त सुटतंय, म्हणजे लागू पडलंय!” जाऊबाई खाली मान घालून मोदक वळत राहिल्या.

पुण्याला परतल्यावर डॉक्टरांनी आधी रस बंद करायला लावला. पेपरमिंट या पुदिन्याच्या विलायती भावंडानं अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते आणि आम्ल वर चढतं. आपल्या पुदिन्याचा असा दाट रस आधीच हुळहुळलेल्या जागी झोंबतो. आणि थंड कसला? मेंथॉल या पुदिन्याच्या अर्काचा गारवा हा भास आहे, गारठा ओळखणाऱ्या नसांनाच ते चेतवतं. 2021 चं वैद्यकाचं नोबेल ज्या संशोधनाला मिळालं, त्यात याचाही उलगडा होता. त्यातून चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल नावालाच, त्याचा वास कार्व्होन नावाच्या दुसऱ्याच द्रव्याचा. मेंथॉल काढतात ते जपानी पुदिन्यापासून, उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे त्याची शेतंच्या शेतं आहेत. वैद्यसुद्धा पुदिना उष्णच सांगतात, हे भाऊंना फोनवर ऐकवलं. त्यांनी फोन जाऊबाईंकडे दिला.

तर, चालतो का? जड जेवणानंतर पोट गच्च झालं, गॅस धरला, मळमळलं, तर पाच-सात पानं नि आल्याचा तुकडा कपभर पाण्यात उकळून घ्या. मला तरी बरं वाटतं. छातीत जळजळ असेल तर हातही लावू नका, कोणी कितीही थोरले असोत. हो, एक राहिलंच: पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉलचे खडे, किंवा पेपरमिंटचं तेल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ अजिबात लावायचं नाही, श्वास अडकू शकतो. आणि पोटाचा त्रास दोन दिवसांत थांबला नाही तर काढे सोडून डॉक्टर गाठा.

माझ्या गॅलरीतली कुंडी भाऊंच्याच परसातल्या मुळ्यांची आहे. भेळेच्या चटणीला तसा पुदिना बाजारात मिळत नाही, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.