शूर्पणखेचं नाक आणि जटायूचे पंख

गॅदरिंग जवळ आलं की नाटकातल्या सोंगांसाठी लागणाऱ्या फोमचीच आणि लॅटेक्सचीच (म्हणजे पातळ रबराची) पत्रं येतात. पंचवटीत मी बरीच वर्षं ड्रेपरीचं, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान चालवलं, त्यामुळे रामायणातली पात्रं माझ्या हातून सगळ्यात जास्त गेली. यंदाच्या तीन पत्रांतली दोन रामायणातलीच आहेत.

प्रश्न : ताई, शाळेच्या नाटकासाठी जटायूचे पंख ईव्हीए फोमचे (घट्ट, रबरासारख्या शीटचे) करतोय. कात्रीनं कापले तर कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसतात. रंग दिला की आणखीच उठून दिसतात. काय चुकतंय? (एक पालक, इगतपुरी)

उत्तर : तुमच्या तालुक्यात टाकेद आहे, जटायूनं प्राण सोडले असं मानतात ते सर्वतीर्थ. तिथल्या मुलांसमोर जटायू उभा राहणार, तेव्हा पंख चांगलेच झाले पाहिजेत!

चूक कात्रीची आहे. कात्री फोमला आधी दाबते आणि मग कापते, म्हणून कड तिरकी आणि दातेरी येते. २ मिलिमीटरच्या शीटला चांगली कात्री चालून जाईल, पण त्याहून जाड फोमला कटरच हवा. मोडायच्या पात्याचा साधा कटर घ्या आणि टोक मोडायला कंजूषी करू नका. हा फोम पात्याची धार फार लवकर खातो. पातं ओढताना फोम चुरचुरायला लागला की धार गेली असं समजा. खाली जाड पुठ्ठा ठेवा. पातं सरळ उभं धरा. पहिल्या फेरीत नुसती रेघ उमटवा, दुसरीत अर्ध्यापर्यंत जा, तिसरीत आरपार. करवतीसारखं पुढे-मागे करू नका. वळणावर हात फिरवण्याऐवजी फोम फिरवा.

मग कडेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर २२०. नाकातोंडाला मास्क लावा, ही धूळ बारीक असते. शेवटी हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र. पंखावरून सतत फिरती ठेवली की मळकट, निस्तेज कडेवर हलकी चमक येते. छिद्रं बंद झाल्याची ती खूण, तिथेच थांबा. आणखी धराल तर फोड येतात.

पिसांच्या शिरा रंगवू नका, कापा. मधोमध एक आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना तिरक्या, फोमच्या निम्म्या जाडीपर्यंतच रेघा मारा आणि वरून हीट गन फिरवा. प्रत्येक चीर डोळ्यांदेखत उघडते आणि पन्हाळीसारखी खोल होते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा उरलेली सगळी पिसं त्याच रात्री करून टाकली होती.

जोडायला सोफावाले वापरतात तो सिंथेटिक रबरचा डिंक घ्या. दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि दहा-एक मिनिटं थांबा. बोटाला तार सुटेनाशी झाली की चिकटवा. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून आधी पेनानं खुणा करून ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात आणि शेजारी गॅस पेटलेला नको. रंगाआधी पाणी घातलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे तीन-चार पातळ हात द्या, मगच ॲक्रिलिक.

गादीचा मऊ फोम वापरणार असाल तर एक विनंती. तो तापलेल्या तारेनं कापू नका. त्याचा धूर विषारी असतो.

प्रश्न : ताई, आम्ही शूर्पणखेचं लॅटेक्सचं नाक केलं. साच्यातून छान निघालं, पण चेहऱ्यावर लावलं की कड वळते आणि पहिल्या रांगेतूनसुद्धा दिसते. शिवाय ते रंगमंचावर कापायचं आहे. (एक शिक्षिका, सिन्नर)

उत्तर : या नाकावरूनच आपल्या नाशिकचं नाव पडलं असं सांगतात, तेव्हा नाशिककरांच्या डोळ्यांत ते आधी भरणार.

साच्यातून निघाल्यावर कात्रीनं गोल कापून घेतलंत ना? कापलेल्या लॅटेक्सला पायरी राहते आणि प्रेक्षकाला तीच दिसते. कड साच्यातच पातळ करायची असते. प्लास्टरच्या साच्यात पहिला हात नाकाच्या हद्दीबाहेर बोटभर जाऊ द्या. पुढचा प्रत्येक हात थोडा आत थांबवा. शेंड्याला सहा थर, कडेला एकच. दुधासारखा पांढरा थर पिवळसर, पारदर्शक झाला की पुढचा द्या. पावसाळ्यात याला फार वेळ लागतो. डिसेंबरच्या कोरड्या हवेत टेबलफॅन पुरतो. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर तो पहिल्याच थराला जाईल.

काढायच्या आधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि सुटेल तशी आतल्या बाजूलाही लावत जा. तुमची कड वळते ती इथेच. पातळ लॅटेक्स स्वतःलाच चिकटलं की सुटत नाही.

नाकपुड्यांना चीर देऊ नका. माझ्या हातून ही चूक झाली आहे. एका वानराच्या मुखवट्याला मी डोळे बदामी कापले, दोन्ही टोकं अणकुचीदार. ऐन प्रयोगात एका टोकापासून मुखवटा कानापर्यंत फाटला आणि त्या मुलानं सबंध प्रवेश एका हातानं तोंड धरून केला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. लॅटेक्स कोपऱ्यातूनच फाटतं. पट्ट्याला भोकं पाडायच्या पंचनं गोल भोक पाडा, आणि वाढवायचं झालं तर पात्राच्या चेहऱ्यावर खूण करून, उतरवून वाढवा.

चेहऱ्यावर स्पिरिट गमनं (मेकअपवाले वापरतात त्या डिंकानं) बसवा. कडेवर टिश्यू पेपरचा एकच पदर ठेवा. तो फाडलेला हवा, कापलेला नको. त्यावर स्पंजनं लॅटेक्स टिपा. डोळ्यांकडच्या बाजूला लॅटेक्स नेऊच नका. त्यात अमोनिया असतो. तिथे नुसता गम पुरे. भुवयांना आधी व्हॅसलीन लावा. रंग ॲक्रिलिकचा नुसता वरून दिलात तर तडकतो, तो लॅटेक्समध्येच मिसळून लावा.

कापायचं असल्यामुळे दोन भाग करा. मुलीच्या स्वतःच्या नाकावर लाल रंग आणि वर हे नाक, फक्त दांड्यावर दुहेरी टेपनं. मग कडेला गम नाही, टिश्यूही नाही. पातळ कड पावडर आणि रंगानं झाका. लक्ष्मणाची तलवार फोमची. वार होताच शूर्पणखा वळेल आणि पदराआड स्वतःच नाक काढेल. रंगीत तालमीत हे दहा वेळा करून घ्या.

आणि सगळ्याआधी, निदान एक दिवस आधी, त्या मुलीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लॅटेक्सचा ठिपका लावून पाहा. फुगा फुगवताना तिचे ओठ खाजतात का, हे आईला विचारा. खाजत असतील तर लॅटेक्सचा नाद सोडा आणि कागदाच्या लगद्याचं नाक करा.

प्रश्न : गेल्या वर्षीचा लॅटेक्सचा मुखवटा माळ्यावरून काढला तर चिकट झालाय. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : तो परत पहिल्यासारखा होणार नाही. सुरगाणा-पेठकडच्या बोहाड्यातले (मुखवटे घालून सोंगं नाचवतात त्या उत्सवातले) मुखवटे लाकडाचे आणि लगद्याचे, ते घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतात. लॅटेक्सला तेवढं आयुष्य नाही. ऊन, उष्णता आणि तेल त्याला खातात. एका प्रयोगापुरती भरपूर पावडर मारून वेळ निभेल, पण आतून चिकटत असेल तर मुलाच्या तोंडावर चढवू नका. पुढचा मुखवटा पावडर लावून, आत कागद भरून, सुती पिशवीत, छपराच्या तापणाऱ्या पत्र्यापासून लांब ठेवा. साचा असेल तर नवा आठवड्यात होईल. साचा नसेल तर जुना फेकायच्या आधी त्यात कागद कोंबून समोर ठेवा आणि त्याच्यावर बघून शाडूत तो चेहरा पुन्हा घडवून घ्या.