एकच उंबर पुन्हा पुन्हा काढणारी मुलगी

पालकांचं पत्र : आम्ही भुदरगड तालुक्यातले. मुलगी अकरावी विज्ञानला आहे. अभ्यासात बरी आहे, पण कॉलेज सुटलं की वही घेऊन ओढ्याकडे जाते ती अंधार पडेपर्यंत तिथंच. एकच उंबर तिनं किती वेळा काढलाय याला गणती नाही. चित्रकार व्हायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, ॲनिमेशनला घाला, निदान नोकरी लागेल. ती वेळ वाया घालवतेय का? वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवतोय.

नमस्कार.

वहीची पानं सावकाश पाहिली. सुरुवातीच्या चित्रांत झाड म्हणजे एक खोड आणि वर हिरवा गोळा आहे, तसा सगळीच मुलं काढतात. पुढं फळांचे घोस खोडावर आणि जाड फांद्यांवर आलेत, उंबराला लागतात तसेच. आणखी काही पानांनंतर पानांवरच्या गाठी दिसू लागल्या. पावसाळ्यात भिजलेलं खोड तिनं काळपट रंगवलंय, उन्हाळ्यात तेच राखाडी आणि जरा तांबूस. कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहिलीय. हे तिला कुणी शिकवलं नसेल, तर तुमच्या घरात फार मोलाची गोष्ट घडते आहे. एकच झाड पुन्हा पुन्हा काढणं हाच तिचा रियाज आहे. तो थांबवू नका.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण सांगतो. चित्रकार आबालाल रहिमान मूळचे कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते परत आले आणि शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला. पण त्यांचं नाव आज घेतलं जातं ते मुख्यतः कोटितीर्थ आणि रंकाळा ही तळी, पंचगंगेचा घाट यांच्या चित्रांसाठी. घरापासून चालत जाता येईल एवढ्याच परिसरातलं पाणी, झाडं आणि उजेड त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला. मोठा निसर्गचित्रकार व्हायला हिमालयात जावं लागत नाही, हे त्यांच्या कामाकडे पाहून पटतं. मुलीला एकदा कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात घेऊन जा. तिथं त्यांची चित्रं आहेत. छापील चित्रात जलरंगाचा पातळपणा कळत नाही, मूळ चित्रासमोरच उभं राहावं लागतं.

पण आबालाल यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही तुमच्यापासून लपवणार नाही. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि त्यांचा आधार तुटला. १९३१ मध्ये आबालाल वारले, तोवरचे दिवस हलाखीचेच होते. केवळ चित्रं विकून घर चालवणं आजही फार थोड्यांना जमतं, आणि ज्यांना जमतं त्यांनाही त्यासाठी बरीच वर्षं लागतात. म्हणून तिच्या चित्रकलेला जोड देणारं उत्पन्न कोणतं असेल, याचा विचार आत्तापासून करायला हवा. तुमची काळजी रास्त आहे.

विज्ञान शाखा सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, बारावी कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळं तिचं काहीच अडत नाही. उलट जीवशास्त्र तिच्या फार कामी येईल. वनस्पती आणि प्राण्यांची शास्त्रीय चित्रं काढणं हे वेगळं काम आहे, आणि त्यात पाकळ्या किती, देठ कुठून फुटतो, हे चुकलेलं चालत नाही. पुण्याजवळच्या दापोडीत एकेकाळी वनस्पती उद्यान होतं. १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकारानं तिथल्या वनस्पती रंगवल्या. ती चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र नोंदलेलं नाही. मला या गोष्टीची हळहळ वाटते. तुमच्या मुलीला आत्तापासून प्रत्येक चित्रावर सही करायला सांगा.

शास्त्रीय चित्रांच्या कायम नोकऱ्या मोजक्याच असतात. पण पक्षी-फुलांची ओळखपुस्तकं, शालेय पुस्तकं, वनखात्याची निसर्ग माहिती केंद्रं, कापडावरची नक्षी, अशा ठिकाणी नीट पाहून काढणाऱ्या हाताला काम मिळतं. कलाशिक्षकाची वाटही आहे. ॲनिमेशन वाईट नाही, तिथंही पार्श्वभूमी रंगवणारे लागतात. फक्त नातेवाइकांच्या धाकानं तिथं घालू नका. आधी चित्रकलेचा पाया पक्का होऊ दे. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं, पाहण्याची सवय मात्र उशिरा लागणं अवघड असतं.

प्रवेशाचं सांगतो. राज्यातल्या बीएफएसाठी सीईटी कक्षाची, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या विभागाची, प्रवेश परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र (डिझाइन), स्मरणचित्र (आठवून काढायचं चित्र) आणि सामान्यज्ञान असतं. स्मरणचित्राला बहुतेक मुलं घाबरतात. क्लासमध्ये पाठ केलेला बाजार नाहीतर बसस्टॉप तेवढा त्यांना येतो, त्यामुळं विषय बदलला की हात थांबतो. तुमच्या मुलीनं ओढ्यावरून घरी आल्यावर पाहिलेलं त्याच रात्री वही न उघडता आठवून काढावं आणि सकाळी जाऊन ताडून पाहावं. माणसंही काढावीत. तिच्या वहीत एकही माणूस नाही. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी धुणारी पोरं आहेतच की. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ग्रेड परीक्षा झाल्या असतील तर प्रमाणपत्रं जपून ठेवा. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट या जुन्या संस्था आहेत. घरातून जाऊन-येऊन किंवा नातेवाइकांकडे राहून शिकायचं असेल तर आधी तिथं चौकशी करा. मुंबईचं जे. जे. १८५७ पासूनचं आहे, तिथं चढाओढ मोठी, पण प्रयत्न करायला हरकत नाही. बाहेर पाठवायची तयारी असेल तर शांतिनिकेतनचं कलाभवनही पाहा. चित्रकार नंदलाल बोस तिथं शिकवताना विद्यार्थ्यांना झाडापाखरांकडे पाहायला लावत.

एक गोष्ट तिला थेट सांगा. शेवटची चार चित्रं मोबाइलवरच्या फोटोवरून काढलेली दिसतात. सावल्या एकदम काळ्या झाल्यात. डोळ्याला सावलीतही निळा, हिरवा, जांभळा दिसतो, फोटोत तो बऱ्याचदा बुडून जातो. पावसाळ्यात समोरचे डोंगर दूर जातील तसे फिके निळसर-राखाडी होतात, तेही जागेवर बसूनच कळतं. पाऊस फार असेल तर ओसरीतून दिसेल ते काढावं.

आणि तुम्ही महागडा रंगांचा संच घेण्यापेक्षा चांगला कागद घ्या. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) घेतलात तर पाण्यानं तो सहसा वाकडा होत नाही. रंगांच्या सहा-सात नळ्या पुरतात, बाकीच्या छटा तिनं मिसळून कराव्यात. बारावीच्या दिवाळीत नवी पानं पाठवा, तेव्हा कॉलेजांची यादी मिळून ठरवू.