रंग आहे, पण काकवी झालीय

प्रश्न : तांदळावर मोनॅस्कस बुरशी वाढवली. दाणे गर्द लाल झाले. वाटून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवले, गाळून आटवले. पूड मिळेल असं वाटलं होतं, पण बशीला काकवीसारखं चिकट काहीतरी बसलंय. शुद्ध कसं करू? आणि सासूबाई विचारतायत, श्रीखंडात चालेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : सासूबाईंचं आधी. अजिबात नाही. काही मोनॅस्कस जाती सिट्रिनिन नावाचं, मूत्रपिंडाला घातक विष करतात. युरोपात अशा बुरशीनं लाल केलेल्या तांदळाच्या गोळ्यांना किलोमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला कळणारच नाही इतकं. शिवाय हे विष अल्कोहोलात रंगाबरोबरच उतरतं.

आता चिकटपणा. ती मुख्यतः साखर आहे हो! बुरशी तांदळाचा स्टार्च फोडून ग्लुकोज करते, आणि तुमच्या अल्कोहोलातल्या ३० टक्के पाण्यात ते विरघळलं. बशीत थोडं पाणी घालून सगळं खरवडा, काचेच्या बाटलीत भरा, तितकंच एथिल अॅसिटेट (पाण्यात फारसं न मिसळणारं, पेट घेणारं द्रावक) ओता. बाटली हलक्या हातानं हलवा आणि झाकण मधूनमधून सैल करा, नाहीतर वाफेनं उडेल. जवळ गॅस पेटलेला नको. दहा मिनिटांत दोन थर पडतील : साखर खाली पाण्यात, पिवळे-केशरी रंग वर.

खालचं पाणी मात्र टाकू नका. केशरी रेणू अमिनो आम्लाशी जोडला गेला की लाल होतो आणि बरेचदा पाण्यात विरघळू लागतो. मी पहिल्यांदा हेच पाणी निरुपयोगी समजून मोरीत ओतलं. फरशी गुलाबी झाल्यावर कळलं की लाल तिथेच होता.

वरचा थर खिडकीशी, पण अंधाऱ्या जागी, उघड्या बशीत सुकू द्या. गच्चीवर ठेवण्याचा मोह होईल, विशेषतः बडोद्याच्या मे महिन्यात. माझी एक बशी तिथे दुपारभर राहिली आणि लालाचा विटका तपकिरी झाला. हे रंग उजेडाला फार हळवे.

रंग वेगळे झाले का, हे पाहायला सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर एक थेंब पुरतो. पट्टीचं खालचं टोक द्रावकात बुडवलं की द्रावक वर चढतं आणि रंगांना वेगवेगळ्या उंचीवर नेतं. पिवळा सगळ्यात वर चढतो, केशरी मधे आणि लाल खालीच रेंगाळतो. तीन पट्टे दिसले तर पुढे सिलिकाचा स्तंभ, म्हणजे सिलिकाची पूड भरलेली उभी नळी, भरा आणि रंग तसेच वेगळे करा. नुसता कागद किंवा लोकर रंगवायची असेल, तर एवढा खटाटोप कशाला? साखर गेली की काम झालं. तपकिरी बाटलीत भरा आणि वर ठळक लिहा, ‘खायचा नाही’.